टेरीकॉटचा निळा

१

रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी बडा गणपतीच्या मागची गल्ली निळी होती, याचं कुणालाच नवल नव्हतं. इंदुरात त्या दिवशी माणूस आपल्या मूळ रंगात सापडला, तर त्याला आजारी समजतात. पण सकाळी अंगं घासायला बसल्यावर दहा-बारा घरांतून कण्हणं ऐकू येऊ लागलं. निळ्या रंगाखाली कातडी लालभडक झाली होती आणि त्यावर उकळतं पाणी सांडावं तसे फोड उठले होते. सगळ्यांत वाईट हाल दौलतराव पुराणिकांचे. मिलमध्ये लेबर ऑफिसर म्हणून उभी हयात काढलेला हा माणूस. चेहरा सुजून त्यांचा एक डोळा बंद झाला होता, आणि तो डोळा वाचेल की नाही हे दवाखान्यात कुणी छातीठोक सांगत नव्हतं.

दुपारपर्यंत गल्लीत एकच शब्द फिरला, तेजाब, म्हणजे ॲसिड. रंगात कुणीतरी तेजाब घातलं. आणि 'कुणीतरी' कोण, हे ठरवायला गल्लीला तेजाबाइतकाही वेळ लागला नाही. रंग कालवला नंदूने. नंदू साळवी मिलच्या रंगखात्यात होता. मिल बंद पडून दुसरं वर्ष चाललेलं, घरी बसून होता. नऊ वर्षांपूर्वी दौलतरावांनी त्याच्या थोरल्या भावाला, मुकुंदाला, कामावरून काढलं होतं. सुट्टीसाठी आणि भरपाईसाठी स्वतःच्या हातांवर तेजाब ओतून घेतल्याचा त्याच्यावर ठपका होता. आता धाकट्याने तेजाबाचं उत्तर तेजाबाने दिलं, असं सगळे म्हणाले. पोलीसही तेच म्हणाले आणि त्याला घेऊन गेले.

नंदूची बायको शांता संध्याकाळी अन्नपूर्णा भागात शशिकला मुजुमदारांच्या दारात उभी राहिली. मिल बंद झाल्यापासून शांता ब्लाउज शिवायची, आणि शशिकलाताई तिच्या जुन्या गिऱ्हाईक. कॉलेजात जीवरसायन शिकवणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या, एकट्या आणि दुसऱ्यांच्या भानगडीत नाक खुपसायची आवड असलेल्या. त्या नाकाची लांबी नातेवाइकांना चांगली ठाऊक होती.

"ताई, परवा त्यांना कोर्टात उभं करणार. खून करायला गेला असं लिहिणार म्हणतात," शांता म्हणाली. "मी विचारलं, तुम्ही काही केलंत का? तर नाही म्हणाले. मग म्हटलं, साहेबांवर राग नव्हता हे तरी सांगा. तर गप्प. माझ्याकडे बघेनात सुद्धा."

शशिकलाताईंनी चपला घातल्या. ठाण्याचा टी. आय., म्हणजे मुख्य इन्स्पेक्टर, देवेंद्र भालेराव त्यांचाच विद्यार्थी. रसायनात दोनदा नापास होऊन पोलिसात गेला होता, आणि बाईंना पाहिलं की अजून उठून उभा राहायचा. त्याने ड्रममध्ये उरलेला रंग त्यांच्यापुढे ठेवला. ताईंनी लिटमसची पट्टी बुडवली. पट्टी निळ्यात भिजून निळी झाली, त्यातून काय कळायचं? मग त्यांनी थोडा रंग गाळून, तळाचा गाळ मागे ठेवून, वरचं पाणी तपासलं. आम्ल नावालाही नव्हतं. मग दौलतरावांचा सदरा मागवला. पांढरा सुती सदरा निळा झाला होता, पण भोक सोडा, सूतही विरलेलं नव्हतं. माणसाची कातडी सोलतं पण सुताला हात लावत नाही, असं तेजाब अजून कुठल्या प्रयोगशाळेत निघालेलं नाही, असं त्यांनी देवेंद्रला ऐकवलं.

देवेंद्रने मान डोलावली. दोनदा नापास झाला तरी तो मठ्ठ नव्हता.

"ठीक है मॅडम, तेजाब नाही. दुसरं काही असेल. पण मला एक सांगा. नंदूने सकाळी कोपरापर्यंत हात घालून हा रंग कालवला. दिवसभर तो गेरच्या मिरवणुकीत होता. त्याच्या अंगावर एक फोड नाही. ज्याला काय आहे ते माहीत असतं, तोच वाचतो ना?"

ताईंनी सदऱ्याची घडी घालून तो टेबलावर ठेवला.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गल्लीत पोचल्या. गल्लीची गेर म्हणजे एक ट्रॅक्टर, त्यामागे ट्रॉली, ट्रॉलीवर रंगाचा ड्रम आणि पंप. ढोल पुढे, पोरं मागे, आणि पंपाच्या धारेने तिसऱ्या मजल्यावरचा माणूससुद्धा ओला व्हायलाच हवा. पंपावर दरवर्षी बंडू. चौकात त्याचं पोह्यांचं दुकान होतं, आणि गल्लीतल्या सगळ्या उपद्व्यापांचा तो आपणहून झालेला अध्यक्ष.

बंडू नखशिखांत निळा होता आणि ठणठणीत होता. ट्रॉलीवर सकाळपासून तीन वाजेपर्यंत उघडाबंब उभा होता म्हणाला. धार सुटली की पहिलं पाणी त्याच्याच अंगावर. "अपने को कुछ नहीं हुआ, मॅडमजी. जरा खाज आली, बस."

म्हणजे ज्याने रंग कालवला तो धड, ज्याने उडवला तोही धड, आणि बाकीचे भाजले. ताईंना वाटलं, हे दोघे मिळालेले असावेत. तसं त्यांनी जवळजवळ विचारलंही. बंडूला राग आला नाही, वाईट वाटलं. त्याने दुकानातून स्टूल आणून दिलं, पोहे दिले, वर शेव आणि जिरावण मसाला घातला आणि मग म्हणाला की दौलतकाकांनी त्याला लहानपणी सायकल शिकवली होती.

पोहे खाता खाता ताईंच्या डोक्यात दुसरंच काही शिजू लागलं. भाजलेल्यांची घरं त्यांनी एकेक करून पालथी घातली, आणि प्रत्येक घरात एकच उत्तर मिळालं. रंग खेळायला जाण्याआधी सगळ्यांनी अंगाला तेल चोळलं होतं. रंग नंतर सुटावा म्हणून हे तर शहाणी माणसं करतातच. दौलतराव तर इतके टापटिपीचे, की कानांच्या मागेसुद्धा चोळून घेतलं होतं. बंडूने लावलं होतं का? छे. "रंग चढला तर आठ दिवस दिसला पाहिजे, तेल कशाला?" आणि नंदूने? शांता म्हणाली, रंगखात्यात तेलाला बंदी. कापडावर एक थेंब पडला की सबंध ताग्याला डाग. म्हणून मिलमध्ये लागल्यापासून त्यांनी हाताला कधी तेल लावलं नाही; डोक्यालासुद्धा रविवारीच.

तेल. ताईंना जागच्या जागी आनंद झाला. कुणीतरी तेलात काहीतरी मिसळलं होतं, रंग बिचारा निर्दोष. तेल सगळ्यांनी एकाच ठिकाणून घेतलं होतं. दौलतरावांचा पुतण्या आशिष, ज्याने मिलच्या भंगारातून रंगाचा ड्रमही आणला होता, त्याने सणानिमित्त घाण्याच्या तेलाचा डबा आणून गल्लीत वाटला होता. ड्रम त्याचा, तेल त्याचं, आणि काकांशी त्याचं पटत नव्हतं. काकांच्या ओसरीवर त्याला दुकान काढायचं होतं, काका नाही म्हणत होते.

आशिष आपल्या एसटीडी बूथमध्ये बसला होता. काचेची पेटी, पिवळी पाटी, आणि आत पंखा. नवीन जमाना आला आहे आणि आपण तो आणला आहे, असा त्याचा चेहरा. ताईंनी तेलाचं विचारताच त्याने उत्तर न देता दोन्ही बाह्या वर केल्या. हात खांद्यापर्यंत गर्द निळे होते, बंडूपेक्षा निळे.

"त्याच डब्यातलं तेल मी पण लावलं, मॅडम. सगळ्यात आधी. बंडूने मला दारातच पकडून ड्रममध्ये बुडवला. देखिए."

हातांवर एक साधा पुरळसुद्धा नव्हता.

३

शशिकलाताई शांताच्या समोरच्या घराच्या ओट्यावर बसून राहिल्या. त्यांना आता काहीच कळत नव्हतं, आणि ते मान्य करायची त्यांना सवय नव्हती. रंग म्हणावा तर बंडू आडवा येतो. तेल म्हणावं तर आशिष. उद्या नंदूला कोर्टात नेणार, आणि शांता समोरच्या दारातून दर दोन मिनिटांनी त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

तेवढ्यात त्या घरची कमल चहा घेऊन आली. कमल शाळेत शिक्षिका. बशी तिने डाव्या हातात धरली होती. उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजलेला, उजवा गालही. डावा हात, डावा गाल मात्र निळे आणि चांगले.

ताईंनी चहा बाजूला ठेवला. उजवीकडून कुणी टाकलं? कमलने जरा विचार केला. उजवीकडून नव्हे, समोरून. पंपाची धार आली ती अख्ख्या अंगावर आली. दोन्ही हात सारखेच भिजले. तेल? दोन्ही हातांना लावलं होतं; एकाच हाताला कोण लावतं? मग पुढे ती पाय दुखत होते म्हणून दारातच टेकून उभी राहिली, गेर चौकातून परत येईपर्यंत. खूप वेळ. हो, ताई, इथेच, या खांबापाशी.

ताई उठल्या आणि त्या खांबापाशी जाऊन उभ्या राहिल्या. कमलसारखंच टेकून. गल्लीतली माणसं बघू लागली. बाई उभ्याच. मग त्यांच्या ध्यानात आलं की उजवा गाल तापला आहे आणि डावा गार आहे. खांबाची सावली त्यांच्या अंगाच्या बरोबर मधून गेली होती.

"ऊन," त्या म्हणाल्या.

कमल म्हणाली की हो, या वेळेला इथे येतं.

आता ताईंनी सगळ्यांना नव्याने विचारलं. कुठे होतात? भाजलेले सगळे दिवसभर रस्त्यावर, ट्रॉलीच्या मागे, भर उन्हात. आशिष रंगात बुडून निघाला तो थेट बूथमध्ये, कारण सणाच्या दिवशी फोन करायला रांग लागते. ज्या बायका मांडवाखाली खेळल्या, त्यांनी तेल लावूनही त्यांना काही झालं नाही. तेल आणि ऊन दोन्ही ज्यांच्या वाट्याला आलं, तेच भाजले. तेल असून ऊन नाही, तो वाचला. ऊन असून तेल नाही, बंडू नि नंदू, तेही वाचले.

इतकं सुंदर जुळलं की ताईंना स्वतःचं कौतुक वाटलं. ते पुरतं एक मिनिट टिकलं. कारण कमलने साधाच प्रश्न विचारला, शाळेत मुलांना विचारतात तसा. तेल तर दरवर्षी लावतात. ऊन दरवर्षी असतं. आणि गेरचा रंगही दरवर्षी मिलमधूनच येतो, आजोबांच्या काळापासून. मग याच वर्षी काय झालं?

४

ताईंनी आणखी एक धागा मनात धरून ठेवला होता. तेजाब हा शब्द आधी कुणी काढला? जी गोष्ट घडलीच नाही, तिचं नाव सगळ्यांच्या तोंडी कसं? कमलने तो बंडूकडून ऐकला होता, बंडूने आशिषकडून. डॉक्टरांनीही 'तेजाबाने भाजले' असं आणणाऱ्यांनी सांगितलं म्हणून लिहिलं होतं. आणि आशिषला सांगितलं होतं काकांनी.

दौलतराव दवाखान्यात पट्ट्यांमध्ये गुंडाळून पडले होते. माणूस करडा, पण खोटा नाही, अशी त्यांची ख्याती. ताईंनी त्यांना विचारलं की तुम्हाला तेजाबच का वाटलं?

"वाटलं नाही, शशिकलाबाई. ओळखलं," ते म्हणाले. "फोड आले तेव्हाच ओळखलं. असे हात मी पाहिलेत. हीच लाली, हेच फोड, मधे निळा रंग. तेव्हा मुकुंदाचे पाहिले, आता माझे पाहतोय."

ताई खुर्ची ओढून जवळ सरकल्या. मधे निळा रंग, म्हणजे? दौलतराव थकले होते, पण हिशेबी माणूस सांगायला लागला की अर्ध्यात थांबत नाही. मिलमध्ये तोवर सुती कापड आणि सुताचे जुने रंग. मग साहेबलोकांनी टेरीकॉट काढायचं ठरवलं, जमाना त्याचाच होता. टेरीकॉट म्हणजे सूत आणि पॉलिएस्टरचं मिश्र कापड, ते साधा रंग धरत नाही, म्हणून त्याचा वेगळा रंग बाहेरून आला, निळा. त्यावर दोन-तीन माणसं लावली, त्यातला एक मुकुंदा. महिना झाला नाही तोच त्याचे हात भाजले. बाकीच्यांना काही नाही, यालाच कसं? वर त्याच्या पंज्यांची फक्त मनगटापर्यंतची वरची बाजू भाजलेली. तळहात साफ. "आता तुम्हीच सांगा. मुद्दाम ओतून घेणारा तळहात वाचवणारच ना?"

आणि टेरीकॉटचा बेत बारगळल्यावर तो निळा ड्रम गोदामात पडून राहिला होता. यंदा मिलचं भंगार निघालं, तेव्हा आशिषने रंगाचा ड्रम म्हणून तोच आणला.

ताई दवाखान्यातून थेट ठाण्यात गेल्या. नंदू कोठडीत भिंतीला टेकून बसला होता. त्या त्याच्यासमोर खाली बसल्या, पोलीस खुर्ची आणतो म्हणत असताना. त्यांनी विचारलं की मुकुंदा कामावरून घरी कसा यायचा?

हा प्रश्न नंदूला अपेक्षित नव्हता. सायकलवर, म्हणाला. पहिली पाळी सुटली की भर दुपारी. दादा फार नीटनेटका. नवं लग्न झालेलं, निळे हात घेऊन घरी जायची लाज वाटायची. म्हणून पाळी सुटली की सायकल स्टँडवर बसून खोबरेल चोळायचा हातांना, रंग काढायला. निघायचा थोडाच. बाकीचे त्याला हसायचे, ते तसेच निळे हात घेऊन जायचे.

तेल, ऊन, निळा. हँडल धरलेले हात, वर ऊन लागणारे पंजे आणि आत मुडपलेले तळहात. ताईंना त्या ओलसर कोठडीत हसू आलं आणि त्याच क्षणी ते विरलं, कारण नंदू त्यांच्याकडे पाहत नव्हता.

"राग नव्हता हे तू पोलिसांना का सांगत नाहीस?" त्यांनी हळू विचारलं.

तो नखाने भिंतीचा पोपडा खरवडत राहिला. मग शब्द एकेक करून आले.

"पूछेंगे, गुस्सा क्यों नहीं था. मग काय सांगू? की साहेबांचं खरं वाटलं होतं मला? सगळ्यांना वाटलं होतं. आईने दादाला घरातून काढलं, मी मधे पडलो नाही. तो सिमरोलला गेला, शेतावर मजुरी करतो. कोर्टात सगळ्यांसमोर म्हणू, माझा भाऊ लबाड होता म्हणून मला राग नव्हता? त्यापेक्षा जेल परवडला."

५

पटलेलं आणि सिद्ध झालेलं यात फार अंतर असतं, हे वर्गात सांगता सांगता ताईंचे केस पिकले होते. त्या दिवशी सकाळीच त्यांनी एक काम करून ठेवलं होतं. रंगाचा नमुना घरी नेला होता आणि तो जिवंत पेशी मारतो का ते पाहायला बेकरीतून खमीर, म्हणजे यीस्ट, आणलं होतं. आता बाटल्या गच्चीवर लागल्या, पाण्याच्या परातीत, म्हणजे नुसत्या उकाड्याने काही मरायला नको. शिवाय ताईंनी आणखी एक गोष्ट केली, जी नातेवाइकांना कळली असती तर गहजब झाला असता. दोन्ही हातांना तेल आणि निळा चोळून त्या गच्चीवर बसल्या. डावा हात काळ्या छत्रीच्या कापडात गुंडाळलेला, उजवा उघडा. ऊन उतरेपर्यंत उजवा हात चुरचुरू लागला होता. रात्रभर त्यांनी तो मांडीवर घेऊन काढला.

सकाळी ठाण्यात देवेंद्रच्या टेबलाभोवती गर्दी झाली. शांता होती, कमल होती, आशिष होता. दौलतराव डॉक्टरांचं न ऐकता रिक्षाने आले होते. डोळा वाचणार हे आदल्या संध्याकाळी कळलं होतं. बंडू मात्र नव्हता. त्याला ताईंनी पहाटेच स्कूटरवर एका कामाला पाठवलं होतं.

ताईंनी आधी दोन्ही हात टेबलावर ठेवले. दोन्ही निळे, आणि उजव्यावर फोड. देवेंद्र पुन्हा उठून उभा राहिला. मग त्यांनी बाटल्या मांडल्या. प्रत्येकीच्या तोंडाला फुगा. खमीर म्हणजे जिवंत पेशी, त्यांनी सांगितलं. जिवंत असली तर साखर खाऊन हवा सोडते, फुगा फुगतो. एका बाटलीत रंग घालून सावलीत ठेवली, एक बिनरंगाची उन्हात. दोन्ही फुगे फुगले होते. तिसरी रंग घालून उन्हात. तिचा फुगा जिभेसारखा लोंबत होता.

"ऊन आणि रंग दोन्ही मिळून पेशी मारतात, एकेकटं नाही," देवेंद्र म्हणाला. त्याला स्वतःचं नवल वाटलं. "पण मग ही चौथी? ही पण रंगाची, उन्हातली. हिचा फुगा फुगलाय."

ताईंना हा प्रश्न तो पंधरा वर्षांपूर्वी विचारता तर किती बरं, असं वाटून गेलं. चौथीत पाणी उकळून गार केलेलं होतं, त्यातली हवा काढलेली, आणि बूच लावून काठोकाठ भरलेली. फुगा नंतर लावला. खमीर हवेवाचून जगू शकतं, म्हणून तर त्याला साक्षीला बोलावलं. हवा नाही, तर रंग आणि ऊन मिळूनही काही बिघडवू शकले नाहीत. म्हणजे मारणारा रंग नाही आणि ऊनही नाही.

"मग कोण?"

"प्राणवायू."

खोलीत कुणालाच काही कळलं नाही. मग ताईंनी गेरचाच दाखला घेतला. प्राणवायू हा एरवी सज्जन शेजारी, म्हणाल्या, आपण त्याच्याच जिवावर जगतो. पण ढोल वाजायला लागला की शेजारी काय करतो? हा निळा म्हणजे ढोलवाला. तो स्वतः कुणाला हात लावत नाही. ऊन पितो, आणि ती सगळी मस्ती जवळच्या प्राणवायूला चढवतो. चेकाळलेला प्राणवायू मग समोर येईल त्याला चावतो, आणि पेशीभोवती चरबीचा पापुद्रा असतो तो त्याला आधी सापडतो. आपल्या शरीरात असा उग्र प्राणवायू श्वासागणिक थोडा थोडा होतच असतो. अन्न जाळायचं म्हटलं की ठिणग्या उडणारच. त्या विझवायला शरीराने पहारेकरी ठेवलेले आहेत. पण अख्खी गेरच अंगावर आली तर दोन पहारेकरी काय करणार?

"आणि तेल?" कमलने विचारलं.

टेरीकॉटचा रंग पाण्यात विरघळत नाही, पण तेलात मुरतो. ज्यांनी तेल चोळलं, त्यांनी त्याला कातडीच्या आतलं दार उघडून दिलं. ज्यांनी नाही चोळलं, त्यांच्या अंगावर तो नुसता बसून राहिला. खमिराला कातडीच नाही, म्हणून बाटल्यांत तेल लागलं नाही. जुने सुती रंग पाण्याचे, त्यांना तेल अडवायचं, म्हणून आजोबांपासूनचा शहाणपणा खरा होता. ड्रम बदलला आणि तोच शहाणपणा उलटला. यात कुणी काही घातलं नाही, कुणी कुणाला मारायला गेलं नाही.

देवेंद्रने नंदूला बाहेर आणायला सांगितलं. शांता रडायला लागली, आणि आशिष दाराशी जाऊन उभा राहिला, कारण ड्रम त्याने आणला होता.

दौलतराव मात्र हलले नाहीत. उघड्या डोळ्याने ते ताईंच्या उजव्या हाताकडे पाहत होते. "म्हणजे मुकुंदा..." ते म्हणाले आणि थांबले.

दारात स्कूटर थांबल्याचा आवाज झाला. बंडूच्या मागून एक वाळलेला, उन्हाने रापलेला माणूस आत आला. धाकट्या भावाला पोलिसांनी धरलंय एवढंच त्याला सांगितलं होतं, आणि तो खुरपं टाकून निघाला होता. मनगटांवर जुने काळपट डाग होते. दौलतराव काठीच्या आधाराने उठले. आयुष्यात त्यांनी कुणा कामगारापुढे मान झुकवली नव्हती; ती कशी झुकवतात हे त्यांना नीट येईना.

"मुकुंदा, तू खरं बोलत होतास. मी तुझं वाटोळं केलं."

मुकुंदाने ऐकलं. समजायला त्याला थोडा वेळ लागला. कमलने त्याला निळ्याचं, तेलाचं, सायकलचं थोडक्यात सांगितलं. तो मधे मधे मान हलवत राहिला. साहेबांना त्याने बसा म्हटलं, इतकंच. मग तो नंदूकडे वळला. नंदूची मान खाली होती. वर बघायची त्याची हिंमत होत नव्हती, आणि का होत नव्हती ते थोरल्याला नऊ वर्षांपासून माहीत असावं, कारण त्याने काही विचारलं नाही. त्याने नंदूच्या खांद्यावर हात ठेवला.

बंडू म्हणाला की चला भिया, घरी, तुमची आई, आनंदीकाकू, दारात बसल्यात सकाळपासून. सगळे निघाले. गल्लीच्या तोंडाशी मुकुंदाचे पाय थांबले. पुढे घर दिसत होतं, आणि ओट्यावर बसलेली आई.

"तू पुढे हो," तो नंदूला म्हणाला. "आईला तूच सांग. मी सांगितलं तर तिला खरं वाटायचं नाही."